हाताची घडी

ही गोष्ट मी आजवर एकाही जिवंत माणसाला ऐकवलेली नाही.

वाक्य भारदस्त आहे, आणि तंतोतंत खरंही आहे. कारण एकदा मी ती एका माणसासमोर उभं राहून, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली होती — पण तो माणूस बहिरा आहे आणि त्या वेळी त्याची मान शिलाई मशीनवर वाकलेली होती. म्हणजे सांगितली, पण ऐकवली नाही. तेहतीस वर्षं मास्तरकी केली की शब्द असे बेतून कापता येतात. खोटं बोलताना त्याचा फार उपयोग होतो.

तर आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ही त्यातली सोय.

नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी शिरूर कासार तालुक्यातल्या एका वाडीवर काढली. शाळेला दोन खोल्या, एक कडुनिंब, छत्तीस पोरं आणि मी. बायको-मुलं शिक्षणासाठी बीडला. मी शिरूरला एका खोलीत, पुस्तकांच्या तीन पेट्यांसोबत. संध्याकाळी बोलायला कोणी नसायचं, म्हणून मी वाचायचो. खूप वाचलं की माणसाला इतरांचा पोकळपणा लवकर दिसतो, आणि तो दिसला की आपण भरीव आहोत असं वाटू लागतं. सत्कार, शाली, फेटे, नारायणगडाच्या रस्त्यावर ओळीनं लावलेले हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फलक — या सगळ्यांवर मी मनसोक्त हसत आलो. मोठेपणाची हाव मला नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आता केसांबद्दल सांगायला हवं. हसू नका — किंवा हसा, काय फरक पडतो?

पस्तिशीत माझं टक्कल पडायला लागलं. तेव्हापासून मी डाव्या कानावरचे केस लांब वाढवून, खोबरेल तेल लावून, डोक्यावरून उजव्या कानापर्यंत आणून चिकटवत असे. अशी बट ठेवणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तुम्हाला ती दिसते, तुम्हाला ती दिसते हे त्यालाही माहीत असतं, आणि तरी दोघंही हवापाण्याविषयी बोलत राहता. हा माणसामाणसांतला एक जुना करार आहे. मला तेव्हा एवढंच ठाऊक नव्हतं, की तो करार ऐकू येणाऱ्या माणसांनी आपसांत केलेला आहे.

भागी पहिलीत आली तेव्हा सात वर्षांची होती. कागदावर भाग्यश्री. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, आजा वाडीवरच राहून पंचवीस-तीस मेंढरं राखायचा. पोरगी जन्मापासून बहिरी. आजा तिला शाळेत सोडायला आला आणि म्हणाला, “बसू द्या गुरुजी कोपऱ्यात. कुणाला तरास न्हाई तिचा. आवाजच न्हाई तिला.”

ती दाराजवळ बसली. वर्षभर बसली. मी हजेरीत तिचं नाव घ्यायचो आणि तिच्या वतीनं दुसरं कुणीतरी “हाय गुरुजी” म्हणायचं. मी “हाताची घडी, तोंडावर बोट” म्हटलं की सगळ्यांकडे बघून तीही घडी घालायची, बोट ओठांवर ठेवायची. कोणाला गप्प करत होतो मी? पण हा विचार तेव्हा सुचला नाही. मला वाटलं, पोरगी शिस्तीची आहे.

तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यात हातांच्या मुळाक्षरांचा एक झेरॉक्स तक्ता मिळाला, इतका काळा की सगळी अक्षरं मुठीच वाटत होती. तो मी भिंतीवर लावला. माझ्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता.

आणि मग एकदा पँट दुरुस्त करायला शिरूरच्या रशीदभाईंच्या दुकानात गेलो. रशीदभाई बहिरे. लहानपणी दूरच्या शहरात बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत शिकलेले, अक्षर माझ्याहून चांगलं. गिऱ्हाइकाशी पाटीवर लिहून बोलायचे. त्या दिवशी त्यांच्याकडे त्यांच्यासारखाच एक पाहुणा आला होता आणि दोघांच्या हातांत इतक्या वेगानं काही चाललं होतं, की मी पँट हातात धरून तसाच उभा राहिलो. भांडण चाललंय की काय असं वाटलं. मग दोघं खो-खो हसले. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. भागी दाराजवळ बसून रोज काय बघते, ते मला त्या दुकानात पाच मिनिटं दिसलं.

मी पाटीवर लिहिलं, “शाळेत याल का?” त्यांनी खाली लिहिलं, “शनिवारी. सकाळी.”

इथपर्यंत माझं काहीच चुकलेलं नाही. म्हणूनच इथे रेंगाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

पहिल्या शनिवारी रशीदभाई लुनावरून आले, वर्गात शिरले, आणि पहिलं काम काय केलं? रांगा मोडल्या. सगळ्या पोरांना गोल बसवलं. का, तर प्रत्येकाला प्रत्येकाचे हात आणि तोंड दिसलं पाहिजे. गोलात मागचं कोणी नसतं. भागी दाराजवळून उठून गोलात आली आणि इतक्या तोंडांकडे एकदम बघून थोडी घाबरली.

मग त्यांनी रीत शिकवली. हाक मारायची तर खांद्यावर हलकं थोपटायचं, लांब असेल तर जमिनीवर पाय आपटायचा. धक्का समोरच्याच्या तळव्यांना कळतो. टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून हलवायचे. आणि समोरचा बोलत असताना नजर काढायची नाही. नजर काढणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. पाटीवर हे लिहून त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ‘हाताची घडी’ तर आपोआपच गेली. हात बांधले तर वर्ग चालणार कसा?

बाबांनो, ती पोरं काय झपाट्यानं शिकली! पाणी, भाकर, मेंढरू, आई, ऊस, उद्या, खोटं. दोन महिन्यांत मधल्या सुट्टीत भांडणंसुद्धा हातांनी व्हायला लागली. सगळ्यांत मठ्ठ विद्यार्थी मी. भागीच मला सुधारायची. माझी बोटं धरून सरळ करायची. एके दिवशी आजा मेंढरं घेऊन शाळेवरून जाताना थांबला.

“गुरुजी, पोरगी लई बोलाय लागली बगा. भाकर खायाला हात रिकामा न्हाई तिचा. घरात तिचीच बडबड, आन् आमीच मुके!”

धाकट्याला सांभाळायला कोणी हवं होतं, तरी त्या साली भागीच्या आईबापांनी तिला ऊसतोडीला नेलं नाही. आज्याजवळ ठेवली. शाळेसाठी.

मग नावं आली. रशीदभाईंनी पाटीवर लिहिलं, “नाव आपण घ्यायचं नसतं. बहिऱ्या माणसानं द्यायचं असतं. एकदा दिलं की परत होत नाही.” नाव म्हणजे एक खूण, माणसात जे डोळ्यांना पहिलं दिसतं त्याची. दोन शनिवार नुसतं बघून त्यांनी नावं वाटली. एकाच्या भुवईवरची जखमेची खूण, एकीचं वेणी ओढणं, एकाचं बाहीला नाक पुसणं. त्या शेवटच्याची आई भांडायला आली आणि मुलानं तिला तिथेच बाहीला नाक पुसून गप्प केलं. भागी प्रत्येक गोष्टीवर एक भुवई उंचावायची. तिचं नाव — बोटानं भुवई वर उचलणं. ते सगळ्या वर्गानं एकदम करून दाखवलं तेव्हा ती गोंधळून मागे वळून बघायला लागली. मग तिला कळलं. सात-आठ वर्षांची पोर. आपल्याला नाव आहे हे तिला त्या दिवशी समजलं. घरात तिला हात धरून ओढायचे, वर्गात मी हजेरीत वाचायचो. ते नाव तिच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं.

माझं नाव ठेवायचा मान रशीदभाईंनी तिला दिला.

तिनं मला नीट न्याहाळलं. मग हात पसरला, डाव्या कानाशी नेला, डोक्यावरून सपाट फिरवत उजव्या कानाशी आणला, आणि शेवटी तिथे दोनदा थापटलं — चिकटवल्यासारखं.

वर्ग कोसळला. पोरं लोळायला लागली. मीही हसलो. रशीदभाईंनी माझ्याकडे बघून लिहिलं, “अपमान नाही. आमचे डोळे सरळ बोलतात. तिनं तुम्हाला आपलं मानलं.” मी मान डोलावली, पुन्हा हसलो.

ते हसणं खोटं होतं. खरं तर कबुली तिथूनच सुरू व्हायला हवी.

तुम्ही म्हणाल, एवढंसं मनाला लावून घ्यायचं? मीही स्वतःला तेच म्हणायचो. पण ते नाव वर्गात राहीना. पोरांनी ते घरी नेलं, घरांनी रानात नेलं. मेंढपाळ लोक असेही डोंगरावरून डोंगरावर हातानं खुणा करणारे. त्यांना हे फार सोयीचं पडलं. सकाळी माझी मोटारसायकल खिंडीत दिसली की पलीकडच्या टेकडीवरचा माणूस डोक्यावरून हात फिरवायचा आणि खाली पोरं शाळेकडे पळायची. एकदा मी ओढ्याजवळ पंक्चर काढत होतो. वर बांधावर दोघं जण बसलेले.

“कोण हाय बे त्यो?” एकानं विचारलं.

दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही. दोघं हसले. उत्तर कसं दिलं असेल ते मला न बघता कळलं.

मी गाडीवर रुमाल बांधायला लागलो. कोणी डोकं खाजवलं तरी संशय यायचा. वाडीवर कोणाच्या मनात वाईट नव्हतं — मला हेही कळत होतं. खांद्यावर हात टाकावा तसं ते नाव होतं. पण पंधरा वर्षं जे मी दिसत नाही असं धरून चाललो होतो, ते आता मैलभरावरून दिसत होतं.

तेवढ्यात शाळेची कीर्ती तालुक्याला गेली. एक मोठे साहेब बघायला येणार असं ठरलं. आणि आयुष्यभर मांडवांवर हसणाऱ्या या माणसानं मांडव घातला. फलक छापला, त्यावर ‘मूकबधिर’ असं लिहिलं. रशीदभाईंनी शिवणकामाच्या खडूनं त्यातल्या ‘मूक’वर काट मारली. खडू फ्लेक्सवर नीट उमटेना, तरी ते घासत राहिले.

समारंभाआधीच्या आठवड्यात मी पोरांना एक नवी खूण शिकवली. कपाळाशी उघडलेलं पुस्तक: दोन्ही तळहात पसरायचे, मग नमस्कार. अर्थ काय, तर गुरुजी. मी. स्वतःचं नाव मी स्वतः ठेवलं आणि छत्तीस पोरांकडून ते रोज दहा वेळा घोटून घेतलं. शनिवारी रशीदभाईंनी ते पाहिलं. मग पाटीवर लिहिलं:

“हे नाव नाही. हा फलक आहे.”

पोरांनी मात्र ऐकलं. पोरं गुरुजींचं ऐकतात. भागी फक्त बघत होती, भुवई वर करून.

गुरुवारी साहेब आले. शाल, नारळ, सगळं झालं. भागीनं पुढे येऊन ओळख करून द्यायची आणि एका मुलीनं माईकवर ते बोलून दाखवायचं, असं बसवलं होतं. भागीनं स्वतःचं नाव केलं, रशीदभाईंचं केलं — बोटानं दोरा तोडायची खूण. मग ती माझ्याकडे वळली. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मी डोळ्यांनी तिला पुस्तक दाखवलं. पुस्तक, पुस्तक.

तिनं हात डाव्या कानाशी नेला.

माईकवरच्या मुलीला काय बोलावं सुचेना. तिनं पाठ केलेलं म्हटलं, “हे आमचे आदरणीय गुरुजी.” आणि त्याच वेळी भागीचा हात उजव्या कानाशी पोचून दोनदा थापटत होता. एवढा हशा त्या वाडीवर कधी झाला नसेल. मागे उभे असलेले मेंढपाळ दोन्ही हात वर करून हलवत होते — त्यांनीही रीत उचलली होती. भागी हसत होती. तिला वाटलं तिचं छान झालं. झालंच होतं. जाताना साहेबांनी मला नमस्कार केला नाही. गाडीच्या काचेतून हसत डोक्यावरून हात फिरवला.

मी त्यांनाही हात हलवला.

आता ते सांगतो. पाच पानं भोवती फिरलो, आता सांगतो.

शुक्रवारी सकाळी मी वर्गात आलो. पोरं गोलात बसली होती. मी त्यांना उठवलं आणि रांगा केल्या. भागी दाराजवळ, शेवटच्या रांगेत. मग म्हणालो, “हाताची घडी, तोंडावर बोट.” पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, भागीकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो. एकेक करून छत्तीस जोड्या हात बांधले गेले. ज्या पोरीला बोलायला फक्त हात होते, तिचे हात मी बांधले — का, तर तिनं मला माझ्या नावानं हाक मारली.

शनिवारी रशीदभाई लुनावरून आले. मी त्यांना कडुनिंबापाशीच गाठलं आणि पाटीवर लिहिलं, “बंद. बाहेरच्या माणसाला वर्गात परवानगी नाही.” त्यांनी हातानं विचारलं — कोण म्हणालं? मी बोट वर केलं.

बस, एवढंच. आमच्याकडे ‘वरून आलंय’ म्हटल्यावर पुढे कोणी विचारत नाही. धरणाचं पाणी, बदली, रेशन, सगळं वरूनच येतं आणि वरूनच थांबतं. त्यांनी बोटाच्या दिशेनं वर पाहिलं. वर कडुनिंब होता. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, नजर न काढता, त्यांच्या रीतीप्रमाणे. मी नजर काढली. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन. सगळ्यांत मोठं एका बोटानं बोललो, त्यांच्याच भाषेत, बिनचूक.

खोटं म्हणजे किती खोटं? दोन आठवड्यांनी खरोखरच वरून पत्र आलं. उपक्रम स्तुत्य आहे, चालू ठेवावा, दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवावा. मी पत्र फाईलला लावलं. अहवाल पाठवत राहिलो. ‘विद्यार्थी उत्साहाने सहभागी होतात.’ माझं लेखन चांगलं असल्यामुळे शाळेला प्रमाणपत्र मिळालं.

भागीचं काय झालं? मधल्या सुट्टीत पोरं काही दिवस हातांनी बोलली. मग शब्द गळत गेले: आधी ‘उद्या’, मग ‘ऊस’, मग बाकीचे. तोंडानं ओरडणं सोपं असतं. शेवटी एकमेकांच्या नावांशिवाय काही उरलं नाही, आणि नुसत्या नावांनी किती वेळ बोलणार?

आणि एक गोष्ट. हे मी कोणाच्या दबावाखाली सांगत नाहीये, न सांगितलं तरी चाललं असतं. ‘हाताची घडी’ घातल्यावर थोड्या वेळानं मी ‘सोडा’ म्हणायचो आणि पोरं हात सोडून पाटी घ्यायची. भागी मागे होती, तिला पाठीच दिसायच्या. पाठीवरून हात सुटले की नाही ते कळत नाही. पूर्वी कोणीतरी पाय आपटून तिला सांगितलं असतं. आता सांगायचं कोणी? ती सुट्टी होईपर्यंत तशीच बसायची, हात बांधून, बोट ओठांवर ठेवून. मला समोरून दिसायचं. वर्गात तिच्याकडे तोंड असलेला माणूस मी एकटाच होतो.

दसरा झाला आणि टोळी निघायची वेळ आली. भागीची आई शाळेत आली.

“गुरुजी, त्ये हाताचं कावून बंद केलं?”

“वरून बंद झालं.”

“वरून म्हणल्यावर काय बोलायचं.” तिनं दाराजवळ बसलेल्या भागीकडे पाहिलं. “मग न्हेते तिला. हितं नुसती बसून तरी काय करती? कोपीवर धाकट्याला तरी सांभाळील.”

कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी. भागी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसून गेली. मी शाळेच्या दारात उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात हलवला नाही. तिचे हात धाकट्या भावाला धरण्यात गुंतले होते. असं मी तेव्हा मानलं. ती परत वर्गात आली नाही. हजेरीपटावर मी तिला आणखी दोन वर्षं बसवलं.

हळूहळू डोंगरावरच्या लोकांनीही हात फिरवणं सोडलं. कोणी सांगितलं नाही, भांडलं नाही. सकाळी मी खिंडीतून यायचो, वर माणूस उभा असायचा, मेंढरं चरत असायची, आणि माणूस नुसता उभा राहायचा. रामराम, गुरुजी, चहा घेता का, सगळं होतं. मला हवं होतं तेच मिळालं होतं. एवढी शांतता मी कधी अनुभवली नाही. मोटारसायकलवर रुमालाची गरज उरली नाही, तरी काही महिने मी तो बांधत होतो.

परवा — परवा म्हणजे गेल्या हिवाळ्यात — शिरूरच्या बाजारात भागी दिसली. आता बाई झालेली. डोक्यावर कडब्याचा भारा, दोन्ही हातांनी धरलेला. मी थांबलो आणि बोटानं भुवई उचलली. अकरा-बारा वर्षांनी, बोट नीट सरळ झालं की नाही कोण जाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची भुवई वर गेली. ते ओळखणं होतं, की नुसती सवय? तिचे हात मोकळे नव्हते. ती गर्दीत पुढे गेली.

मी तिथून सरळ रशीदभाईंच्या दुकानात गेलो. अजून न सोडलेल्या खोलीवर जाऊन खालची दुमड उसवलेली पँट आणली आणि मग गेलो, खरं तर. रिकाम्या हातानं जाववेना. ते मशीनवर वाकले होते. मी काउंटरशी उभा राहिलो आणि सगळं बोललो. रांगा, घडी, बोट, पत्र, अहवाल. स्पष्ट, मोठ्यानं, व्याकरणशुद्ध. मला हातांनी सांगता आलं असतं. ‘खोटं’ची खूण मला अजून येते, ‘मी’ची तर कोणालाही येते. ते मान वर करतील तोवर थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. त्यांची मान खाली आहे तेवढ्यात उरकलं.

त्यांनी दोरा तोडला, वर पाहिलं आणि हातानं विचारलं, कधी हवी?

मी सांगितलं, गुरुवारी.

गुरुवारी गेलो. रशीदभाई गिऱ्हाइकांची नावं लिहीत नाहीत; कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीवर खुणेचं चित्र काढतात. फळीवर माझी पँट होती. चिठ्ठीवर एक वर्तुळ, आणि त्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ओढलेली एकच रेघ. ती बट मी निवृत्तीच्या दिवशी न्हाव्याकडे काढून टाकली होती. शेजारी दोन पोलकी होती, नुकतीच इस्त्री केलेली. त्यांच्या चिठ्ठीवर एक उंचावलेली भुवई होती.

पँट घरी आणून घालून पाहिली. रशीदभाईंचं माप कधी चुकत नाही. दोन बोटं आखूड झाली आहे.